दुधाचा आंबटपणा व लॅक्टेटची पट्टी

एका चरवीतलें आंबलेलें दूध संकलन केंद्राच्या टाकींत मिसळलें, तर साऱ्या गांवाचें दूध वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून दुधाची पारख हा आपणां शेतकरी बंधूंच्या पोटापाण्याचा विषय होय.

दूध आंबतें तें त्यांतील साखरेपासून जंतू दुग्धाम्ल तयार करतात म्हणून. आंबलेल्या दुधांतून हें आम्ल प्रथम वेगळें काढलें तें शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञानें, १७८० सालीं. परंतु आंबटपणा मोजणें निराळें आणि दुग्धाम्ल मोजणें निराळें. ताज्या, निर्दोष दुधाची आम्लता कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानें काढली तर शेंकडा ०.१३ ते ०.१५ भरते, वस्तुतः त्यांत दुग्धाम्ल जवळजवळ नसतेंच. तो आंकडा मुख्यत्वें केसीन व फॉस्फेट यांचा असतो. रंग बदलणारा पी. एच. कागदही असाच फसवा. ताजें दूध त्यावर ६.६ ते ६.८ दाखवितें, पण जनावरास दगडी झाली असतां आंकडा वर जातो, आणि तें दूध थोडें आंबलें तरी कागदावर चांगलें दिसतें.

याहून वाईट प्रकार सोडा घालण्याचा. कायद्यानें निषिद्ध असूनही कोणी आंबूं लागलेल्या दुधांत सोडा टाकतो. आंबटपणा मारला जातो, परंतु दुग्धाम्ल नाहींसें होत नाहीं. त्याचें लवण बनून लॅक्टेट दुधांतच राहतें. महसूल खात्यांत काम केलेल्या माणसास हें चटकन् उमगेल: उताऱ्यावरील आंकडा बदलला तरी फेरफाराची नोंद मूळ वहींत राहतेच. लॅक्टेटची पट्टी ही ती वही वाचते.

पट्टीवर लॅक्टेटवरच क्रिया करणारें एन्झाइम असतें. त्या क्रियेमुळें पट्टीवरील द्रव्य निळें होतें, व निळेपणा किती हें लहानसें यंत्र वाचून आंकडा देतें. पट्टीची मर्यादा लिटरास ६० मिलिग्रॅम असेल तर दूध तसेंच चालत नाहीं. शेंकडा ०.१ म्हणजे लिटरास १००० मिलिग्रॅम; तेव्हां एक मिलिलिटर दूध शुद्ध पाण्यानें १०० मिलिलिटर करावें, आणि आलेला आंकडा शंभरानें गुणावा. माप चुकलें तर सारेंच चुकलें.

दह्यास व मुरघासास मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावूं नये. दुग्धाम्लाचे डावें व उजवें असे दोन प्रकार आहेत, आणि एन्झाइम सहसा एकच ओळखतें. साधें दूध आंबतांना बहुतेक उजवें दुग्धाम्ल होतें. दह्यांत व मुरघासांत दोन्ही असूं शकतात, म्हणून तेथें पट्टीचा आंकडा खऱ्यापेक्षां कमी येतो.

पट्ट्या दमट हवेंत बिघडतात. डबी घट्ट मिटलेली, थंड जागीं ठेवावी. यंत्रासह हा खर्च एकट्या शेतकऱ्यानें करण्यासारखा नाहीं, सोसायटीनें करावा. आणि संशयित दूध परत करण्यापूर्वीं तपासणी उत्पादकासमोर पुन्हां एकदां व्हावी, असें आमचें मत आहे.