माळरानाचा वाटाड्या

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटर गेले की नान्नज हे गाव लागते. गाव मागे पडताच समोर दिसतो तो दूरवर पसरलेला उघडा माळ. तेथे दाट झाडी नाही, उंच डोंगर नाही, खळाळणारी नदीही नाही. गुडघाभर वाळके गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा बोरीचे झुडूप आणि वर मोकळे आकाश, एवढेच काय ते दृश्य. नवख्या माणसाला वाटते, येथे पाहण्यासारखे आहे तरी काय? पण त्याच्याबरोबर आलेला वाटाड्या एकाएकी थांबतो, ओठांवर बोट ठेवतो आणि हाताने एक दिशा दाखवतो. नवख्याला प्रथम काहीच दिसत नाही. मग मातीचे एक ढेकूळ तुरुतुरु धावू लागते आणि चार पावलांवर पुन्हा थबकते. ते ढेकूळ नसतेच. तो असतो धाविक नावाचा मातकट रंगाचा पक्षी!

रानातील प्राणी पाहण्यासाठी माणसे ताडोबासारख्या दाट जंगलात जातात. ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे वाटाड्याची गरज कोणालाही सहज पटते. झाडांच्या आड वाघ दिसत नाही. तो कोठे असावा हे मातीत उमटलेल्या पंजावरून, वानराच्या खेकसण्यावरून आणि चितळाच्या भेदरलेल्या हाकेवरून ओळखावे लागते. ही रानाची भाषा जाणणारा सोबती बरोबर नसेल, तर पाहुणा वाघाच्या जवळून जाऊनही कोराच परततो. परंतु माळरानावर तर झाडांचा पडदाच नाही. सारे कसे उघड्यावर मांडलेले! मग तेथे वाटाड्या कशाला हवा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर धाविकानेच दिले आहे. जेथे लपायला झाड नसते, तेथे प्राणी आपल्या रंगातच लपतात. चंडोल पक्ष्याची पाठ वाळक्या गवतासारखी असते. टिटवीची ठिपकेदार अंडी खड्यांत ठेवली तर ती खडेच वाटतात. खोकड म्हणजे माळावरचा लहानसा कोल्हा. तो बिळाच्या तोंडाशी निश्चल बसला, तर भोवतीच्या मुरमाड मातीहून वेगळा ओळखू येत नाही. अशा ठिकाणी केवळ दृष्टी चांगली असून भागत नाही. काय पाहायचे आणि कोठे पाहायचे, हे माहीत असावे लागते. आकाशात लांब पंखांचा एक पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातो, तेव्हा नवखा त्याला घार समजतो. वाटाड्या सांगतो, 'ही घार नव्हे, हा भोवत्या. हिवाळ्यात तो मध्य आशियातून हजारो किलोमीटरचा प्रवास करून येथे येतो आणि माळावरचे नाकतोडे खातो.' एवढे कळताच त्या साध्या पाखराकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

दुसरे उत्तर याहून महत्त्वाचे आहे आणि ते माळढोकाच्या कथेत सापडते. माळढोक हा सुमारे एक मीटर उंचीचा, डौलदार चालीचा पक्षी. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके अवजड पक्षी फार थोडे. सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील या पक्ष्यांकडे लक्ष वेधले. पुढे १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोकांसाठी अभयारण्य घोषित झाले, आणि नान्नजचे नाव पक्षिप्रेमींच्या तोंडी झाले.

माळढोक झाडावर घरटे बांधत नाही. पावसाळ्याच्या सुमारास मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच ते उबवते. कोणी जवळ आले की तिला उठून दूर जावे लागते. तेवढ्या अवधीत कावळा, कुत्रा किंवा मुंगूस ते अंडे पळवू शकतो. बेसावध पाहुण्याच्या पायाखालीही ते फुटू शकते. एका अंड्याबरोबर त्या मादीचे वर्षभराचे श्रम वाया जातात.

आज नान्नजला माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. साऱ्या देशात मिळून हे पक्षी दोनशेहून कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. ही अवस्था एकाएकी आली नाही. पूर्वी त्यांची शिकार झाली. माळ नांगरले गेले आणि तेथे पाण्याची पिके आली. आकाशात विजेच्या तारा आल्या. उडताना समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी त्यांवर आदळू लागला. काही ठिकाणी माळ ओसाड आहे असे समजून चांगल्या हेतूने तेथे झाडे लावली गेली. पण मोकळ्या गवतावर वावरणाऱ्या पक्ष्याला ती झाडी परकी ठरली. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिले वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. पण पिले वाढली तरी त्यांना परत सोडण्यासाठी माळ हवाच.

म्हणूनच चांगला वाटाड्या काय दाखवतो यापेक्षा काय दाखवत नाही, यावरून ओळखावा. लांडग्याची पिले ज्या ओघळीत असतील, तिकडे तो पाहुण्यांना नेत नाही. भोवत्ये रात्री गवतात जमिनीवरच विसावतात. म्हणून दिवस मावळताना तो त्या गवतातून कोणाला चालू देत नाही. काळविटांचा कळप दिसला की काहींना तो जवळून पाहण्याचा, चित्र टिपण्याचा मोह होतो. वाटाड्या गाडी दूरच उभी करवतो. काळविटाची मादी आपले तान्हे पाडस गवतात दडवून चरायला जाते. ते एकटे दिसले म्हणून कोणी उचलून आणले, तर दया करायला जाऊन त्याला आईपासून तोडल्यासारखे होते. हे वाटाड्या हळू आवाजात समजावतो, आणि पाहुणा पाडसाकडे पाठ फिरवून चालू लागतो.

हे ज्ञान येते कोठून? ते थोडे ग्रंथांतून आणि पुष्कळसे माणसांकडून येते. प्रसिद्ध अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापुरातच झाला. वन खात्यात नोकरी करीत असताना त्यांनी आदिवासी, गुराखी आणि कोळी यांच्याकडून पाखरांची, माशांची व झाडांची नावे आणि त्यांच्या सवयी जाणून घेतल्या आणि त्या ज्ञानातून पुढे कोश सिद्ध केले. २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. ज्यांना आपण अडाणी समजतो, त्यांच्यापाशी रानाची केवढी विद्या असते, हे त्यांच्या लेखनाने मराठी वाचकांना दाखवून दिले. माळावर मेंढरे चारणारा धनगरही अशाच विद्येचा धनी असतो.

या विद्येला आता मोलही येऊ लागले आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे २०२४ मध्ये वन विभागाने गवताळ माळांची सफर सुरू केली. तेथे गावचेच तरुण पाहुण्यांबरोबर वाटाडे म्हणून जातात. माळ राहिला तर आपले कामही राहील, हे त्यांना उमगते. काल ज्या जमिनीला गाव पडीक म्हणत होते, तिची राखण आज गावच करू लागते.

देवळात जाताना माणूस पादत्राणे बाहेर ठेवतो आणि आवाज खाली आणतो. माळावर जाणाऱ्यानेही असेच वागावे. संध्याकाळी पाहुणा परततो, तेव्हा त्याला माळढोक दिसलेला नसतो; पण सकाळी रिकामा वाटलेला माळ आता त्याला भरलेला वाटतो. आणि त्याच्या मागे, जेथून तो वळसा घालून गेला, तेथे गवतात एखादी टिटवी आपल्या अंड्यांवर निवांत बसलेली असते.

स्वाध्याय

१. माळरान उघडे असूनही तेथे वाटाड्याची गरज का भासते? दोन कारणे लिहा.
२. माळढोकांची संख्या कोणकोणत्या कारणांनी घटली?
३. 'दया करायला जाऊन त्याला आईपासून तोडल्यासारखे होते', हे वाक्य कोणत्या संदर्भात आले आहे?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या मेंढपाळाला किंवा शेतकऱ्याला भेटून पाच पक्ष्यांची स्थानिक नावे व त्यांच्या सवयी लिहून आणा.