विद्यापीठाची खरेदी आणि कर्बवायूचा हिशेब

एखाद्या विद्यापीठामुळे हवेत किती कर्बवायू मिसळतो, असा प्रश्न कोणी केला तर सामान्य माणूस बुचकळ्यात पडेल. विद्यापीठ म्हणजे काही कारखाना नव्हे. तेथे ना धुराडे, ना भट्टी. वर्गांतील दिवे व पंखे, प्रयोगशाळांतील उपकरणे, एखादे जनित्र आणि चार मोटारी, एवढाच काय तो इंधनाचा खर्च डोळ्यांना दिसतो. परंतु हा दिसणारा भाग पुष्कळदा लहान असतो. मोठा भाग विद्यापीठाच्या खरेदीच्या वहीत दडलेला असतो.

हा हिशेब मांडण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धती २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन वर्तुळे कल्पिलेली आहेत. संस्था स्वतः जे इंधन जाळते ते पहिल्या वर्तुळात येते, ती विकत घेते ती वीज दुसऱ्यात, आणि बाकीचे सारे तिसऱ्यात. या तिसऱ्या वर्तुळाचे २०११ साली १५ वर्ग पाडण्यात आले व विकत घेतलेल्या वस्तू आणि सेवा यांना त्यांत पहिले स्थान मिळाले. कागद, संगणक, बाके, सिमेंट, वसतिगृहातील धान्य व भाजीपाला, हे सर्व तयार होताना कोठे तरी धूर निघालेला असतोच. आपल्या आवारात तो निघाला नाही, एवढेच.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. जामसांवली हे गाव पहुडलेल्या हनुमंताच्या मंदिरामुळे सर्वांना ठाऊक आहे. ते सौंसर तालुक्यात, म्हणजे २०२३ साली निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. हा मुलूख संत्र्यांचा. समजा, तेथील एका बागेतील संत्री नागपुरातील एखाद्या वसतिगृहात गेली. बागेला पाणी देणारा पंप विजेवर चालला, आणि आपल्या देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशापासून होते. झाडांना युरिया घातला. तो कारखान्यात तयार होताना नैसर्गिक वायू खर्ची पडला, आणि मातीत पडल्यावर त्यापासून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटला. १०० वर्षांच्या मुदतीत हा वायू, वजनास वजन धरले तर, कर्बवायूच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. पुढे मालमोटारीचे डिझेल जळले. वाटेत काही फळे नासली, तेव्हा त्यांच्यावर झालेला हा सारा खर्च व्यर्थ गेला. वसतिगृहाच्या दाराशी पेटी उतरते तेव्हा हे अदृश्य ओझेही तिच्याबरोबर उतरते.

मग विद्यापीठाने करावे काय? ‘कर्बवायू कमी करा, नाही तर तुमचा माल नको,’ असे फर्मान काढणे सोपे आहे. ब्रिटनचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तेथील उच्च शिक्षणाला अनुदान देणाऱ्या इंग्लंडच्या मंडळाने २०१० साली संस्थांकडून कर्बवायू घटविण्याच्या योजना मागविल्या, तेव्हा मुख्य भर पहिल्या दोन वर्तुळांवर होता. पुढे खरेदीकडे लक्ष वळले आणि २०२३ साली सर्व संस्थांसाठी हिशेबाची एकसारखी चौकट प्रसिद्ध झाली. याच काळात अनेक विद्यापीठांनी पुरवठादारांना एक सोपी प्रश्नावली देण्यास आरंभ केला. ती भरली की त्या व्यवसायाला शोभेल असा सुधारणेचा आराखडा पुरवठादाराच्या हाती पडतो.

यातील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. मोठ्या कंपनीजवळ तक्ते भरावयास कारकून असतात. पाच एकरांच्या बागायतदाराजवळ किंवा गावच्या सुताराजवळ ते कोठून असणार? केवळ कागद मागितले तर काम मोठ्याकडे जाईल, लहानाचा रोजगार बुडेल आणि धूर मात्र होता तितकाच राहील. असा हिशेब कागदावर चोख दिसला तरी न्यायाचा नव्हे.

विद्यापीठाजवळ पैशापेक्षा मोलाची एक वस्तू आहे, ती म्हणजे विद्या. पुरवठादाराला ती दिली तर काय होते, याचा दाखला सिमेंटने घालून दिला आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून क्लिंकर करावे लागते. त्यात इंधनाचा धूर निघतो तो निघतोच, शिवाय खुद्द चुनखडीतूनही कर्बवायू सुटतो. स्वित्झर्लंडमधील लोझानची तंत्रसंस्था, क्यूबातील सांता क्लारा येथील विद्यापीठ आणि दिल्ली, मुंबई व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून निराळे मिश्रण सिद्ध केले: क्लिंकर ५० टक्के, भाजलेली चिकणमाती ३०, न भाजलेली चुनखडी १५ आणि जिप्सम ५. ही माती सुमारे ८०० अंशांवर भाजली तरी पुरते, आणि चिनी मातीच्या खाणींतील टाकाऊ मातीही चालते. यायोगे कर्बवायू ३० ते ४० टक्क्यांनी घटतो. संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. भारतातील सिमेंट कारखान्यांतून या मिश्रणाचे चाचणी-उत्पादन करण्यात आले, आणि २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने या सिमेंटाचे मानकही प्रसिद्ध केले.

जे सिमेंटाला लागू ते संत्र्यालाही लागू. माती व पाने तपासून खताची मात्रा ठरविण्याची विद्या नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळसंशोधन संस्थेत आणि जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयात आहे. खरेदी करणाऱ्या विद्यापीठाने तिची व बागायतदाराची गाठ घालून द्यावी. खत बेताचे पडले, ठिबकने पाणी वाचले, तर बागायतदाराचा पैसाही वाचेल. सर्वांत कमी दराची निविदा तेवढी पाहण्याची रीत मात्र त्यासाठी थोडी सैल करावी लागेल. प्रथम जड वस्तूंना हात घालावा, प्रश्न थोडे व सोपे विचारावेत, सुधारणा करणाऱ्यास दोन-तीन वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी आणि त्याचे देणे वेळेवर चुकते करावे.

विद्यादानाची सीमा आवाराच्या भिंतीपाशी संपत नाही. आपल्याला माल पुरविणारा हाही एक विद्यार्थीच आहे, आणि प्रसंगी गुरूही, हे ओळखणाऱ्या विद्यापीठालाच हा हिशेब खरोखर जुळविता येईल.