नेपियन सी रोडची कार्यशाळा आणि एचएसआर लेआउट

होसूर रोड आणि सरजापूर रोड यांच्या बेचक्यात वसलेलं एचएसआर लेआउट बाहेरच्यांना ठाऊक आहे ते स्टार्टअपमुळे. पुणे, नाशिक, कोल्हापूरहून आलेली मराठी मुलं इथे पीजीत राहतात आणि दिवसभर कोड लिहितात. याच वस्तीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं (निफ्ट) बंगळुरू केंद्र आहे, १९९७ पासूनचं. डिझाइन शिकणारी मुलं आणि गेम इंजिन, व्हीआर हेडसेट, एआय यांवर काम करणारी माणसं एकाच रस्त्यावर चहा पितात. असा शेजार देशात फार ठिकाणी नाही. पण शेजार असला म्हणजे कला होतेच असं नाही. चित्रकाराला नवं यंत्र मोकळेपणाने वापरू देणारी, त्यातून लगेच काही विकाऊ निघावं असा आग्रह न धरणारी जागा लागते.

बंगळुरूत तसा प्रयत्न झालेला आहे. अर्चना प्रसाद आणि फ्रीमन मरे यांनी २००९ मध्ये ‘जागा’ उभारली, तीही गोदामात माल ठेवायच्या लोखंडी रॅकच्या सांगाड्यावर. ती सुटी करून दुसरीकडे नेता येई. कलावंत आणि प्रोग्रामर तिथे एकत्र बसत. त्याच परंपरेतून २०१७ मध्ये ‘बीफँटॅस्टिक’ हा तंत्रकलेचा उपक्रम निघाला आणि मार्च २०२३ मध्ये एआय आणि हवामानबदल यांवरचा ‘फ्यूचरफँटॅस्टिक’ महोत्सव भरला.

या प्रयत्नांची खरी पूर्वज मात्र मुंबईत आहे आणि आपण मराठी माणसं तिच्याबद्दल फार कमी बोलतो.

१९६९ साली अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. ते तेव्हा नावाजलेले चित्रकार होते. पैसा स्वतःच्या कॅनव्हासवर खर्च करता आला असता. त्यांनी नेपियन सी रोडवर एक जागा घेतली आणि तिथे ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. १६ मिलीमीटरचा कॅमेरा, संकलनाची सोय, फोटोंसाठी डार्करूम, एचिंगचा प्रेस असं सगळं एका छताखाली आणलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे येऊ लागले. दिग्दर्शक कुमार शहानी, छायालेखक के. के. महाजन, मनोविश्लेषक उदयन पटेल अशी मंडळी त्यात होती. परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. ज्याला कॅमेरा येतो त्याने न येणाऱ्याला शिकवायचं, हीच तिथली रीत.

पदमसींनी स्वतः तिथे दोन चित्रपट केले. ‘सिझिगी’ हा ११ मिनिटांचा मूकपट आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांची सुमारे हजारभर रेखाटनं त्यांनी केली आणि राम मोहन यांनी ती चलत्‌चित्रात आणली. एक आकृती ठरावीक नियमाने बदलत दुसरी होते, दुसरी तिसरी होते. आज कोडमधून चित्र काढणारा विद्यार्थी जे करतो, त्याचा विचार या माणसाने संगणकाशिवाय, हाताने केला होता. डिजिटल कलेच्या प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात ‘सिझिगी’ दाखवला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. आपल्याच एका निसर्गचित्राला पदमसींनी रंगीत प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर उभं केलं होतं. त्याची एकच प्रत होती. ती प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. पुढे दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वयोवृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्या चित्रपटाचा शोध घेतला आणि २०१६ मध्ये त्याच नावाचा नवा चित्रपट केला. मूळ फिल्म गेली ती गेलीच. आज हेडसेटसाठी केलेल्या कलाकृतींवर हीच वेळ येते. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, कंपनीने ते यंत्र बनवणं थांबवलं, की काम उघडतच नाही. म्हणून जतन कसं करायचं हे शिकवल्याशिवाय डिजिटल कलेचा कोणताही अभ्यासक्रम पुरा झाला असं मी मानणार नाही.

कार्यशाळेत जे.जे.मधून नुकतीच बाहेर पडलेली एक तरुणीही होती, नलिनी मलानी. तेव्हाच्या चित्रकलेच्या वर्तुळात तरुण मुलीच्या हाती कॅमेरा सहजासहजी येत नसे. इथे तो मिळाला. १९६९ मध्ये तिने पुठ्ठ्याच्या घरांच्या प्रतिकृतींवर रंगीत प्रकाश टाकून ‘ड्रीम हाउसेस’ हा चित्रपट केला. नव्या शहराची, सर्वांना घर मिळण्याची ती स्वप्नं होती. १९७६ मध्ये खिडकीतून मुंबईच्या वस्तीकडे पाहणाऱ्या स्त्रीची कृष्णधवल फिल्म तिने त्याच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही मिळून ‘युटोपिया’ झालं. दोन पडद्यांवर एकत्र पाहायची ही कलाकृती, आज ज्याला आपण इमर्सिव्ह म्हणतो त्याच्या कितीतरी आधीची. पुढे मलानींनी भिंती, फिरते दंडगोल, व्हिडिओ असं सगळं वापरलं. सत्तरी गाठल्यावर त्या आयपॅडवर बोटाने चित्रं काढू लागल्या. २०१८ ते २०२० या काळातल्या ८८ अ‍ॅनिमेशनचं ‘कॅन यू हिअर मी?’ लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत खोलीभर पसरलं. २०२३ चा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या या प्रवासाचं एक मूळ नेपियन सी रोडच्या त्या खोल्यांत आहे.

ती कार्यशाळा १९७२ मध्ये बंद पडली. फेलोशिपचा पैसा संपला आणि पुढे कुणी हात दिला नाही. आयुष्य जेमतेम तीन वर्षांचं.

आता पैसा येतो आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज पेडर रोडवर सुरू झाली, नेपियन सी रोडच्या अगदी जवळ. अ‍ॅनिमेशन, गेमिंग, एक्सआर यांचं शिक्षण तिथे मिळणार आहे आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत तिचा मोठा परिसर व्हायचा आहे. उद्योगाला माणसं हवीत हे खरंच आहे. बंगळुरूच्या मॅप संग्रहालयाने पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं प्रश्नांना उत्तरं देणारं डिजिटल रूप अ‍ॅक्सेंचरच्या साहाय्याने घडवलं, तेही कौतुकाचं. पण त्यात चित्रकार हा विषय आहे, यंत्र त्याच्या हातात नाही.

म्हणून एचएसआरमधल्या मराठी अभियंत्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या कंपनीत वापरात नसलेला हेडसेट, रात्री रिकामा असणारा संगणक आणि शनिवारचे तुमचे दोन तास एखाद्या चित्रकाराला द्या. त्याने काय करायचं ते त्याच्यावर सोडा. आणि जे घडेल त्याच्या दोन प्रती ठेवा.