टीएनएफरोधक इंजेक्शने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे म्हातारपणी झिजलेले गुडघे नव्हेत. बोटांचे व मनगटांचे लहान सांधे सुजवणारा हा आजार ऐन कर्त्या वयातही जडतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. प्रतिकारशक्ती कमी पडल्याने तो होतो ही समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. प्रतिकारपेशी येथे गरजेपेक्षा जास्त चेतलेल्या असतात आणि स्वतःच्याच सांध्यांवर उलटतात. त्यामुळे ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे हा यावरचा उपाय नव्हे.

सांध्याच्या अस्तरातील मॅक्रोफेज पेशी टीएनएफ हे प्रथिन सोडतात. ते शेजारच्या पेशींवरील ग्राहींना चिकटले की त्या पेशीही दाहकारक प्रथिने सोडू लागतात, रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी येतात, कूर्चा आणि हाड कुरतडले जाते. दाहाला कारणीभूत प्रथिने इतकी असताना एकट्या टीएनएफला रोखून काय साधणार? लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधील मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या चमूने रुग्णांच्या सांध्यांतील पेशींवर ते करून पाहिले. टीएनएफ अडवताच इंटरल्युकिन-1 या दुसऱ्या दाहकारक प्रथिनाचे प्रमाणही घटले. 1992 मध्ये टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध रुग्णांना देण्यात आले आणि सूज उतरली.

ही इंजेक्शने स्टेरॉइड नाहीत. स्टेरॉइड पेशीत शिरून अनेक जनुकांचे काम बदलते. इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडॅलिमुमॅब ही प्रतिपिंडे टीएनएफला बाहेरच पकडतात. ती वेदनाशामकेही नाहीत, गुण यायला बहुधा काही आठवडे लागतात.

प्रतिकारशक्ती या इंजेक्शनांमुळे पूर्ण बंद पडत नाही. जिवंत जंतूंच्या लसी मात्र टाळाव्या लागतात. खरी काळजी क्षयाची, आणि भारतात ती विशेष. फुप्फुसात सुप्त राहिलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचा वेढा टिकवण्याचे काम टीएनएफच करते. ते अडले की वेढा सैल पडून जंतू पुन्हा डोके वर काढू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि माँटू ही त्वचाचाचणी किंवा रक्तचाचणी होते. सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या सुरू करून, साधारण महिनाभराने पहिले इंजेक्शन देतात.

बरे वाटले म्हणून परस्पर औषध सोडणाऱ्यांपैकी अनेकांचा आजार उलटतो. औषध दाह आवरते, आजाराचे मूळ पुसत नाही. वाकडी झालेली बोटेही त्याने सरळ होत नाहीत.