वेदनेची साक्ष

वेदनेस बाह्य साक्षीदार नसतो. क्ष-किरणचित्र गुडघ्याची झीज दाखविते. ठणका दाखवीत नाही. म्हणून ‘वोमॅक’ प्रश्नावली रुग्णासच विचारते: जिना चढताना किती दुखते, रात्री अंथरुणात किती? कळ, ठणका, ठसठस या मराठीतील छटा तेथे एका आकड्यात सामावतात.

शिवाय सुईवरील विश्वासानेही दुखणे उतरते. झिरकपूरलगतच्या चंदीगढ येथील पी.जी.आय. संस्थेने याचसाठी तुलनेस सलाइन घेतले. दोन्ही गुडघ्यांत संधिवात असलेल्या ७८ रुग्णांच्या एका गटास स्वतःच्या रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रवाचे एक इंजेक्शन, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास केवळ सलाइन देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रक्तद्रव सरस ठरला. दुसऱ्या इंजेक्शनाने अधिक लाभ झाला नाही, आणि सहाव्या महिन्यात आराम किंचित ओसरला.

ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांवरील चाचणीत मात्र (२०२१) बारा महिन्यांनंतर वेदनेत वा कूर्चेच्या आकारमानात लक्षणीय फरक आढळला नाही. तेथे सलाइन घेतलेल्यांनाही उतार पडला होता. त्यांची साक्ष खोटी नव्हे. परंतु ती औषधाच्या बाजूची आहे असे म्हणता येत नाही. उपचाराची किंमत मोजणाऱ्या रुग्णास हा भेद आधी कळला पाहिजे.