एक्सेलच्या फायलीतून डेटाबेसमध्ये: संस्थेचं दप्तर हलवताना काय बघायचं



मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. कोकणातल्या आपल्या भावंडांची बंदी १ जून ते ३१ जुलै. या दिवसांत जाळी विणून होतात, होड्यांना डांबर लागतं. आमच्या मते दप्तराची डागडुजीही याच दिवसांत करावी, कारण रोजची आवक थांबलेली असते आणि हिशेब जागच्या जागी उभा असतो. गेल्या काही दिवसांत बऱ्याच सभासदांनी विचारलं, "एक्सेलमध्ये सगळं नीट चाललंय, मग हा डेटाबेस कशाला?" त्यासाठी हा लेख. थोडा लांब आहे, पण पैशाशी संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी पैशाचंच बोलू. बंदीच्या काळातली बचत-सह-मदत योजना आपल्याला माहीत आहे. सभासदाची १,५०० रुपये बचत, सरकारचे ३,०००, मिळून ४,५०० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. हे सगळं यादीवर चालतं. यादीत नाव, खाते क्रमांक, आयएफएससी बरोबर असेल तर पैसे येतात. एक आकडा चुकला तर येत नाहीत, आणि का आले नाहीत हे शोधायला दोन-तीन महिने जातात. ज्या घरात कमावता माणूस पाण्यात गेलाय, त्या घराला तीन महिने थांब म्हणणं सोपं नाही.

आता एक्सेल काय करतं ते बघा. बँकेचा खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल तो आकडा समजतं आणि पुढचं शून्य उडवून टाकतं. खाते क्रमांक १६ किंवा १७ अंकी असेल तर आणखी वाईट. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक धरून ठेवतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्य घालतं. म्हणजे १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक गेला. तुम्ही बरोबर टाईप केलं, एंटर दाबलं, आणि फाईलमध्ये दुसराच क्रमांक बसला! घंटा वाजत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. ऑनलाईन रक्कम पाठवताना बँक मुख्यतः खाते क्रमांकच बघते, नाव जुळतंय का हे नेहमी बघितलं जातंच असं नाही. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवला तर हे टळतं, पण दर नव्या फायलीत ते कोणीतरी आठवणीने करायला हवं.

तारखांचंही तसंच. ०३/०७ म्हणजे आपल्याला ३ जुलै. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ते होतं ७ मार्च. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे एकच रकाना निवडून क्रम लावणं. नावं अआइई क्रमाने लागतात, पण शेजारचे खाते क्रमांक जागेवरच राहतात. एका क्लिकमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याचं खातं!

हे फक्त छोट्या संस्थांतच होतं असं समजू नका. २०२० मध्ये, ऐन कोरोनात, इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरले जात होते. त्या जुन्या फायलीत ६५,५३६ ओळीच मावतात. ओळी संपल्या, पुढचे निकाल बाहेर राहिले, आणि १५,८४१ बाधितांची नोंद सरकारी आकड्यांत वेळेवर आलीच नाही. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला.

मग डेटाबेस म्हणजे काय? नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट माहीत होती. रोजकीर्द आणि खतावणी आठवा. रोजकीर्दीत दिवसाची प्रत्येक जमा-नावे नोंद, आणि तिच्या शेजारी खाते पान क्रमांक. तो क्रमांक धरून खतावणीत गेलं की त्या माणसाचं सगळं खातं एका पानावर. माणसाचा पत्ता, वारस, भाग भांडवल हे सभासद रजिस्टरात एकदाच लिहिलेलं. महाराष्ट्रातल्या संस्था ज्याला 'आय' नमुना म्हणतात तेच. पत्ता बदलला तर एका जागी बदलायचा, रोजकीर्दीतल्या शंभर नोंदींना हात लावायचा नाही.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे हेच, संगणकावर. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी याचा आराखडा मांडला. माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची, आणि तक्ते एकमेकांशी क्रमांकाने जोडायचे. खरं सांगायचं तर कागदाच्या वह्यांत जी शिस्त होती ती एक्सेल आल्यावर सुटली. सगळं एकाच लांबलचक शीटमध्ये: नाव, गाव, होडी, जाळं, मासा, वजन, भाव, कपात, उचल, बाकी. डावीकडून उजवीकडे सरकवता सरकवता नाव कोणाचं होतं तेच विसरायला होतं.

समजा, संस्थेत १४० सभासद आहेत आणि एका हंगामात प्रत्येकाने १५० वेळा मासळी घातली. झाल्या २१,००० ओळी. एक्सेलमध्ये त्या प्रत्येक ओळीत सभासदाचं नाव पुन्हा लिहिलेलं. आता आपल्या भोपाळचं वैशिष्ट्य सांगतो. एकच आडनाव कोणी 'रैकवार' लिहितं, कोणी 'रायकवार'. हिंदी शाळेत शिकलेला कारकून एक लिहितो, मराठी शाळेतला दुसरं, बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत तिसरंच. माणसाला कळतं हा एकच आहे. संगणकाला ते तीन सभासद वाटतात. वर्षअखेरीस बेरीज मारली की एकाची मासळी तिघांत वाटली जाते आणि बोनस कमी निघतो.

डेटाबेसमध्ये सभासदांचा एक तक्ता. त्यात प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक, समजा ४७. नाव तिथेच, एकदाच. मासळीच्या आवकीचा दुसरा तक्ता, त्यात फक्त: तारीख, सभासद ४७, मासा क्रमांक २, वजन साडेबारा किलो, भाव. मासा २ म्हणजे कटला, हे माशांच्या तिसऱ्या तक्त्यात. उचलीचा चौथा, होड्या-जाळ्यांचा पाचवा. "१६ ऑगस्टपासून ४७ नंबरने किती कटला दिला, उचल वजा जाता किती निघतात?" असं विचारलं की संगणक चार तक्ते जोडून उत्तर देतो. विचारायची भाषा एसक्यूएल. पण ती आपल्याला रोज लिहावी लागत नाही, पडद्यावर फॉर्म असतो.

आणि खरा फायदा पुढे आहे. डेटाबेस नाही म्हणतो. एक्सेल कशालाच नाही म्हणत नाही. डेटाबेसला एकदा सांगून ठेवलं की सभासद तक्त्यात नसलेल्या क्रमांकावर मासळी घालता येणार नाही, वजन शून्य किंवा उणे चालणार नाही, एकच खाते क्रमांक दोन सभासदांना लागणार नाही, खाते क्रमांक म्हणजे अक्षरं समज, आकडा नको, तर तो ते पाळतो. रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाने टाईप केलं तरी पाळतो. शिवाय वजन नोंदवणं आणि सभासदाच्या खात्यात रक्कम जमा होणं ही दोन कामं एकत्र बांधता येतात. मधेच वीज गेली तर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. पावसाळ्यात आनंद नगरची वीज कशी असते ते सांगायला नको!

दोन माणसं एकाच वेळी कामाला बसू शकतात हेही आहेच. नाहीतर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन', 'फायनल सचिव' अशा फायली होतात. एक ना धड भाराभर चिंध्या.

आता हलवायचं कसं. यात सगळ्यात जास्त वेळ संगणकाच्या कामाला लागत नाही, यादी साफ करायला लागतो. जुन्या हिंदी फायली बऱ्याचदा कृतिदेवमध्ये असतात, मराठीतल्या श्रीलिपीत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की नुसता गिचमिड मजकूर. आधी सगळं युनिकोडमध्ये आणायचं. मग एकेका सभासदाला कायमचा क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक सभासद गेला किंवा सोडून गेला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. मग एकाच माणसाची दोन-तीन नावं एकत्र करायची. हे काम यंत्रावर सोडू नका. दोन सख्खे चुलतभाऊ एकाच नावाचे, एकाच वस्तीतले असू शकतात. वस्तीत जाऊन, पासबुक बघून, माणसाला विचारूनच करायचं.

माहिती भरून झाली की ताळा. जुन्या फायलीत ओळी किती, नव्यात किती. एकूण वजन तेच आहे का. प्रत्येक सभासदाची बाकी जुळते का. शेवटी तेरीज काढायची. तेरीज जुळल्याशिवाय जुनी फाईल बंद करायची नाही. आमचं मत असं की निदान एक महिना दोन्ही सोबत चालवावं. काम दुप्पट होतं, लोक कुरकुरतात, तरीही.

सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांना परवाना फी नाही. एसक्यूलाइट तर तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आत्ताही चालू आहे. खर्च येतो तो फॉर्म बनवणाऱ्या माणसाचा. त्याला पैसे द्यायच्या आधी लेखी घ्या: सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या फायलीत बाहेर काढता येईल, आणि मुख्य पासवर्ड संस्थेकडे राहील. नाहीतर दप्तर आपलं आणि किल्ली दुसऱ्याकडे.

वीस-पंचवीस सभासदांची संस्था असेल तर मात्र घाई नको. कायमचा क्रमांक, टेक्स्ट रकाने आणि एकच फाईल एवढी शिस्त पाळली तर एक्सेल पुरतं. डेटाबेस आल्यावरही यादी छापायला, तक्ता बघायला एक्सेल लागणारच.

वरूनही वारं त्याच दिशेचं आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. मच्छीमारांसाठी सप्टेंबर २०२४ पासून राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच सुरू आहे, त्यावर मच्छीमार आणि संस्था दोघांची नोंदणी होते. तिथे पाठवायची यादी आपल्याच दप्तरातून जाते. आपल्याकडे 'रैकवार' आणि आधारवर 'रायकवार' असेल तर अडतं ते तिथे.

माहिती एकत्र आली की सांभाळायचीही असते. आधार क्रमांक सगळ्यांना दिसायची गरज नाही. वजनकाट्यावरच्या माणसाला नाव आणि क्रमांक दिसला की पुरे. एक्सेलची फाईल व्हॉट्सअॅपवर गेली की वस्तीभर होते. डेटाबेसमध्ये कोणी काय बघायचं, कोणी काय बदलायचं हे ठरवता येतं, आणि नीट बनवून घेतला तर कोणी कधी बदललं याची नोंदही राहते. लेखापरीक्षक आला की त्याला तेच हवं असतं. रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क कार्यालयाबाहेर.

सभासदांकडून एवढंच हवंय: पासबुकाच्या पहिल्या पानाची स्वच्छ छायाप्रत, आधारवर जसं नाव आहे तसंच लिहिलेलं नाव, वारसाचं नाव आणि चालू मोबाईल नंबर. मुलाचा नंबर दिला असेल तर तसं सांगा. कार्यालयात नवी यादी लागेल तेव्हा आपली ओळ स्वतः वाचा, खाते क्रमांक एकेक अंक बोटाने मोजा, आणि मगच सही करा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत आणा.