गॅसची शेगडी बिघडली तर...

आपल्या वस्त्यांमधली घरे लहान असतात. एका खोलीत स्वयंपाक, तिथेच मुलांचा अभ्यास आणि रात्री तिथेच अंथरूण. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चुलीचा धूर सोसलेल्या अनेक माताभगिनींच्या घरी गॅस आला. परंतु शेगडीचा कोणता दोष घरी दुरुस्त करावा आणि कोणत्या दोषाला हातही लावू नये, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम ज्योतीकडे पाहावे. ती निळी आणि स्थिर असेल तर शेगडी ठीक आहे. ज्योत पिवळी होऊन भांड्याची बुडे काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रे तुंबली असे समजावे. आपल्या खानदेशात भरिताचे वांगे आचेवरच भाजतात. त्याची जळकी साल व रस बर्नरवर पडतो, भाकरीचे पीठ सांडते, दूध उतू जाते. अशा ज्योतीमुळे गॅस वाया जातोच. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला रंग नाही, वासही नाही. म्हणून थंडी कितीही असो, स्वयंपाक करताना खिडकी थोडी उघडी ठेवावी.

याचा उपाय घरचाच आहे. टाकी बंद करून शेगडी थंड होऊ द्यावी. बर्नर काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावा, ब्रशने घासावा, छिद्रे टाचणीने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळवून नीट बसवावा. बर्नर वाकडा बसला तर आत भक्‌कन आवाज होऊन ज्योत विझते.

ज्योत बारीक झाली तर टाकी संपत आली आहे का, नळी कुठे दबली आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का, हे पाहावे. थंडीत टाकीतील द्रवाचा वायू सावकाश होतो, म्हणूनही आच मंदावते. अशा वेळी काही जण टाकी गरम पाण्यात ठेवतात किंवा आडवी करतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. आडव्या टाकीतून द्रवच नळीत येऊन भडका उडू शकतो. टाकी नेहमी उभी ठेवावी, शेगडी तिच्यापेक्षा उंचावर असावी.

शेगडीच्या जेटमध्ये जाड तार घालू नये. छिद्र मोठे झाले की गॅस जास्त जातो. घट्ट झालेल्या चावीत खाद्यतेल सोडू नये. ही दोन्ही कामे मेकॅनिकची आहेत.

आता नळीविषयी. जुनी नळी चालवून वाचवलेले पैसे ही बचत नव्हे. आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी घ्यावी, तिला जोड देऊ नये आणि पाच वर्षांनी, चीर दिसल्यास त्याआधीच, बदलावी. टाकी घरी आली की सील, वजन आणि गळती तिथेच तपासून मागावी. तो आपला हक्क आहे. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो.

गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. संशय आल्यास जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून कधीही पाहू नये.

वास जोराचा असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढील मेणबत्ती, अगरबत्तीसह घरातील प्रत्येक विस्तव विझवावा. रेग्युलेटर बंद करून सेफ्टी कॅप लावावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. मुलांना व वृद्धांना बाहेर न्यावे आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास सुरू असते.

हा क्रमांक आजच स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रेग्युलेटर बंद कसा करायचा, हे घरातील शाळकरी मुलामुलींनाही शिकवा. आई-वडील कामावर गेलेले असताना घर त्यांच्याच हाती असते.